उन्हाच्या उधारीवर

जुलै 2020 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातल्या एका अजगरमादीनं सात अंडी घातली. ती आफ्रिकेतल्या बॉल पायथन या जातीची. कुणा खासगी मालकानं 1961 साली तिला प्राणिसंग्रहालयाच्या हवाली केलं होतं, आणि अंडी घातली तेव्हा तिचं वय किमान 62 असल्याचा अंदाज होता. शिवाय गेली पंधराहून जास्त वर्षं तिच्या आसपास नर फिरकलाही नव्हता. बातमी जगभर पसरली ती या दुसऱ्या कारणामुळे. नराशिवाय अंडी आली कुठून, हा प्रश्न चवीनं चघळला गेला.

मला मात्र नवल वाटतं ते 62 या आकड्याचं. बॉल पायथनचं वजन साधारण दीड-दोन किलो. तेवढ्याच वजनाचा ससा आठ-दहा वर्षांत म्हातारा होऊन जातो, आणि ही बाई आपल्याकडच्या सरकारी नोकराच्या निवृत्तीचं वय ओलांडून अंडी घालते! सरपटणाऱ्या प्राण्यांचं सगळंच असं संथ आणि लांबलचक. त्यांच्याविषयी वाटणारं आकर्षण, त्यांची तस्करी आणि हौशी लोकांच्या घरात होणारे त्यांचे हाल, या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे त्यांच्या शरीराचा जमाखर्च.

तुम्ही-आम्ही खातो त्यातला फार मोठा वाटा शरीर 37 अंशांवर ठेवण्यात जळून जातो. झोपलो तरी भट्टी चालूच. उंदीर, चिमणी, मांजर सगळ्यांची तीच गत. साप, सरडे, कासवं ही भट्टी ठेवतच नाहीत. ऊब बाहेरून घेतात, तीही उधारीवर. विश्रांतीच्या वेळी त्यांचा खर्च तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या जेमतेम दहाव्या भागाइतका असतो. उंदराला रोज खावं लागतं. त्याला गिळणारा साप मग पंधरवडाभर वेटोळं करून निवांत पडून राहू शकतो.

म्हणून ते थंड असतात, असं नाही. रेमंड कोल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सरड्यांची तापमानं मोजली आणि 1944 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर समज असा होता की, हवा जशी तसा सरडा. या दोघांना दिसलं ते वेगळंच. दिवसभर ऊन-सावलीत ये-जा करून सरडे आपलं तापमान एका अरुंद पट्ट्यात राखत होते आणि काही जातींत हा पट्टा माणसाच्या तापमानाच्याही वरचा होता.

हे पाहायला कॅलिफोर्निया कशाला, सोसायटीच्या कुंपणाची भिंत पुरते. हिवाळ्यातल्या सकाळी बागेतला सरडा भिंतीवर येतो तेव्हा अंगानं काळपट असतो. गडद रंग ऊन जास्त शोषतो. बरगड्या फाकवून तो अंग पसरट करतो आणि किरण सरळ पाठीवर पडतील असा आडवा बसतो. या वेळी तुम्ही जवळ गेलात तर तो जरा जास्तच जवळ येऊ देतो, कारण पळायला लागणारी ऊब अजून स्नायूंत आलेली नसते. अर्ध्या-पाऊण तासात रंग उजळतो, मान ताठ होते. उन्हं चढली की तोच सरडा उन्हाकडे तोंड करून बसतो, म्हणजे अंगावर ऊन कमीत कमी पडेल. पायांवर उभा राहून पोट तापल्या भिंतीपासून वर उचलतो, आणि शेवटी सावलीत सटकतो. नुसता बसलाय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचं काम सकाळपासून चालू असतं.

काटकसर कुठल्या थराला जाते ते पाहायचं तर अजगराकडे जावं. मोठा अजगर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, आणि त्या काळात तो आपला पचनाचा कारखाना जवळजवळ बंद करून ठेवतो. आतडं आक्रसतं, जठरातलं आम्ल बनणं थांबतं. मग एक दिवस ससा किंवा कोल्हा हाती लागतो. एक-दोन दिवसांत जठरातला रस आपल्या जठरातल्याइतका जहाल आम्लधर्मी होतो, आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं, यकृत आणि मूत्रपिंडं फुगतात. स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड यांनी ब्रह्मी अजगरांवर केलेल्या प्रयोगांत फार मोठ्या जेवणानंतर चयापचयाचा वेग चाळीस पटींच्या वर गेलेला आढळला. शर्यतीत धावणारा घोडा जेवढी मजल मारतो, तेवढी अजगर एका जागी पडून मारतो. फरक इतकाच की घोड्याची शर्यत मिनिटांत संपते आणि अजगराची कित्येक दिवस चालते.

या सगळ्याला रक्त पुरवायचं तर हृदयही मोठं हवं. ते मोठं होतं. 2005 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधानुसार जेवणानंतर 48 तासांत अजगराच्या हृदयाच्या जवनिकेचं वजन सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं. माणसाचं हृदय असं जाड होतं ते बहुधा रक्तदाबासारख्या दुखण्यानं, आणि मग ते सहजी पूर्ववत होत नाही. अजगराचं मात्र पचन आटोपलं की पुन्हा आपल्या मापात येतं. कोलोरॅडो विद्यापीठात लेस्ली लाइनवँड यांच्या गटानं याचा पाठपुरावा केला. जेवलेल्या अजगराच्या रक्तातली काही विशिष्ट स्निग्धाम्लं या वाढीला चालना देतात, हे त्यांनी 2011 मध्ये दाखवलं. ती उंदरांना टोचली तर उंदरांचंही हृदय निरोगी रीतीनं वाढलं. हृदयरोगाच्या प्रयोगशाळेत अजगर पाळायचं कारण हे.

आता एवढी काटकसर करणारा प्राणी कधी उधळपट्टी करतो का? करतो, आई झाल्यावर. आपल्याकडच्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि हवा गार झाली की अंगाचे स्नायू ठरावीक लयीत आकसवते. आपण थंडीनं कुडकुडतो तसंच, पण अंड्यांसाठी. आशिलं व्हॅलेन्सिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं 1841 साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अशा मादीच्या वेटोळ्यात थर्मामीटर घालून ही ऊब मोजली होती. तरी सापानं अंडी उबवणं लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात केलेल्या मोजमापांनी शंका मिटली. भोवतालापेक्षा काही अंश जास्त ऊब ती स्वतःच्या चरबीवर निर्माण करते, दोनेक महिने, आणि त्या काळात सहसा काही खात नाही. उठते तेव्हा पार खंगलेली असते.

अंड्याला मिळालेल्या उबेवर काय काय ठरतं ते कळलं तर ही उधळपट्टी योग्यच म्हणावी लागेल. बऱ्याच सरपटणाऱ्यांत पिल्लू नर होणार की मादी, हेही तापमानावर ठरतं. सेनेगलमधल्या डाकारला काम करणाऱ्या मॅडलिन शार्निए यांनी 1966 मध्ये एका सरड्यात हे प्रथम नोंदवलं तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. आज ही गोष्ट कासवं आणि मगरींच्या अभ्यासात मध्यवर्ती आहे. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत वाळू तापलेली असली तर माद्या जास्त, गार असली तर नर जास्त. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या कोवळ्या हिरव्या कासवांपैकी 99 टक्के माद्या असल्याचं 2018 मध्ये दिसून आलं. बिबट्या पालीचा (लेपर्ड गेको) कायदा आणखी वेगळा: 26 अंशांच्या आसपास उबवलं तर बहुतेक माद्या, साडेबत्तीसला बहुतेक नर, आणि चौतीसला पुन्हा माद्या. पाश्चात्त्य देशांत या पालींची पैदास करणारे उबवणी यंत्राचा काटा फिरवून हवं ते लिंग काढतात.

काही जातींनी नराचा खर्चच कापून टाकलाय. पावसाळ्यात कुंडी हलवली की खालून एक काळसर, चकचकीत, गांडुळासारखा जीव वळवळत बाहेर येतो. तो वाळा, आपल्या देशातला फार छोटा साप. डोळे म्हणजे खवल्याआडचे दोन ठिपके, खाणं म्हणजे मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या. आजवर त्याच्या सापडल्या त्या फक्त माद्याच. एकटी मादी फलनाशिवाय अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. कुंडीतल्या मातीतून एक जरी वाळा दुसऱ्या खंडात पोचला तरी वसाहत उभी राहते, म्हणूनच हा साप आज जगातल्या सगळ्यांत दूरवर पसरलेल्या सापांपैकी एक आहे. सेंट लुइसच्या अजगरमादीनंही हाच मार्ग धरला असेल, किंवा जुन्या नराचं बीज वर्षानुवर्षं शरीरात राखून ठेवलं असेल. सापाच्या माद्यांना दोन्ही जमतं.

बॉल पायथनच्या ओठांवर खाचांची एक रांग असते. त्यातून तो अंधारात उंदराच्या अंगाची ऊब टिपतो. या जाणिवेमागचं प्रथिन 2010 मध्ये सापडलं, आणि ते निघालं माणसालाही ओळखीचं: मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो तो ज्या प्रथिनामुळे कळतो, त्याचंच सापातलं रूप. उत्क्रांती नवं सामान क्वचितच आणते. हे काम डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतलं. उष्णतेच्या आणि वेदनेच्या जाणिवेवरच्या संशोधनासाठी त्यांना 2021चं नोबेल मिळालं.

असा प्राणी घरात ठेवावासा वाटणं मला समजतं. सापाला फिरवायला न्यावं लागत नाही, तो भुंकत नाही, आठवड्यातून एकदा उंदीर दिला की झालं. मी घरात पाळलेले साप पाहिलेत. मालक संध्याकाळी काचेसमोर बसतो आणि अर्धा तास काहीही घडत नाही. त्या न घडण्याचीच त्याला ओढ असते. कुत्रा तुमच्याकडून काही मागत असतो, साप मागत नाही, आणि तुम्ही खोलीत असल्या-नसल्याचं त्याला सोयरसुतक नसतं. ज्यांना दिवसभर माणसं पुरून उरतात त्यांना हे फार मोलाचं वाटत असावं.

यात दुसरी ओढ आहे ती रंगांची. 1992 मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी पिवळ्या-पांढऱ्या अल्बिनो बॉल पायथनची पैदास केली आणि घाना, टोगो, बेनिनमधून स्वस्तात येणारा तपकिरी अजगर एकाएकी लॉटरीचं तिकीट झाला. मग पांढरे पट्टे, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, निळे डोळे अशी शेकडो वाणं निघाली. याच अजगराला बेनिनच्या विदा गावात देवळात मान आहे, तिथे तो घरात शिरला तर हात जोडतात. इकडे तो प्लॅस्टिकच्या खणात कपड्यांसारखा रचून ठेवलेला. त्यातल्या कोळी-नक्षीच्या वाणाला मान सरळ ठेवता येत नाही. डोकं डुगडुगतं, भक्ष्यावर झडप घालताना नेम चुकतो, कधी तो उताणाच होतो. 2022 मध्ये त्याच्या आतल्या कानाची रचनाच सदोष असल्याचं स्पष्ट झालं. नक्षी आणि हा दोष एकाच जनुकाच्या पदरी आहेत. एक ठेवून दुसरा काढता येत नाही. तरी हे वाण विकलं जातं. माझ्या मते हे निव्वळ क्रौर्य आहे, आणि साप ओरडत नाही म्हणून ते खपून जातं.

ओरडत नाही, हीच तर अडचण. पोपट आजारी पडला की पिसं फुगवतो, कुत्रा जेवण टाकतो; मालकाला दोन दिवसांत कळतं. अजगरानं जेवण टाकलं तर? तो निरोगी असतानाही महिनोन्‌महिने टाकतो. कमी खर्चाचं शरीर हळूहळू ढासळतं आणि ढासळताना शांतच दिसतं. मालक म्हणतो, ‘मजेत आहे.’ हिरव्या इग्वानाचं उदाहरण घ्या. दुकानात तो वीतभर, पोपटी, खेळण्यासारखा. हाडांत चुना बसवायला त्याला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत तयार व्हायला उन्हातले अतिनील-बी किरण लागतात. काच हे किरण अडवते. खिडकीशी ठेवलेल्या काचेच्या पेटीत ऊन लख्ख दिसतं, पेटी तापते, मालकाला समाधान वाटतं. आणि आत इग्वानाला मुडदूस होत असतो. जबडा मऊ पडतो, पाय सुजल्यासारखे जाड दिसतात. ते बाळसं नसतं, दुबळं हाड सावरायला शरीरानं केलेली धडपड असते. वैद्याकडे नेईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. धडधाकट राहिलाच तर तो दीड मीटरचा होतो, आणि मग तो ठेवायचा कुठे हा वेगळाच प्रश्न.

लाल कानाच्या कासवाची हीच कथा. बाजारात ते बिल्ल्याएवढं, ‘लकी’ म्हणून प्लॅस्टिकच्या डबीत मिळतं. मोठं झालं की ताटाएवढं, आयुष्य तीसेक वर्षं. मग कुणीतरी एका रविवारी पुण्य समजून ते तळ्यात सोडून देतं. तिथे ते स्थानिक कासवांची जागा आणि अन्न बळकावतं. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असतात म्हणून अमेरिकेनं 1975 मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. तिथे मुलं ती तोंडात घालत होती. आणि पाळून कंटाळल्यावर सोडून दिलेल्या प्राण्यांची सर्वांत महागडी शिकवणी फ्लोरिडाला मिळाली. तिथल्या दलदलीत ब्रह्मी अजगर माजले, आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या भागात रस्त्यांवर दिसणाऱ्या रकूनची संख्या 99 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं.

आपल्याकडे कायदा दोन तोंडांचा आहे. भारतातले वन्य साप, घोरपडी, कासवं पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. स्टार कासव देखणं असलं तरी घरात ठेवणं गुन्हाच. परदेशी प्राण्यांचं मात्र बराच काळ कुणी विचारत नव्हतं. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2024 च्या नियमांनुसार, आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागदावर हे चांगलंच आहे.

कायद्याला न जुमानणारा धंदा महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे: मांडूळ. भुसभुशीत रानात राहणारा, बिनविषारी, उंदरांवर जगणारा, पिल्लांना जन्म देणारा गरीब साप. त्याची शेपटी बोथट, अगदी तोंडासारखी. डिवचलं की तो खरं डोकं वेटोळ्यात दडवतो आणि शेपटी पुढे करतो. हल्ला झालाच तर शेपटीवर निभावतं. म्हणून तो दुतोंड्या, सहा महिने एका तोंडानं आणि सहा महिने दुसऱ्यानं चालणारा. गुप्तधन दाखवतो, असाध्य रोग बरे करतो अशा कंड्या पिकवून हा साप वजनावर लाखांत, कोटींत विकला जातो असं सांगतात. ठाण्यात, पुण्यात, नगरकडे पोलीस सापळे लावतात, टोळ्या पकडल्या जातात. घेणारा ‘बडा गिऱ्हाईक’ मात्र क्वचितच दिसतो. कोटी मोजणारं गिऱ्हाईक मुळात आहे की फसवाफसवीची साखळीच फिरते आहे, अशी मला दाट शंका आहे. ही साखळी चालू राहते तीही मांडुळाच्या काटकसरी शरीरामुळेच. पोपट गोणीत घालून महिनाभर फिरवला तर मरेल. मांडूळ मरत नाही, लवकर मरत नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत, बॅगेत, दुचाकीच्या डिकीत, न खाता-पिता आठवड्यांमागून आठवडे तो या हातातून त्या हातात जातो. सुटका होते तेव्हा डिहायड्रेशननं कातडी सुरकुतलेली असते आणि कुठल्या रानातून उचललाय ते कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे सोडायचा कुठे हाही पेच.

हौस भागवायला पाळण्याखेरीज मार्ग आहेत. नीलिमकुमार खैरे 1980 साली पुण्यात 72 विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत 72 तास राहिले होते. साप उगाच चावत नाही हे लोकांना दाखवायचं होतं, आणि तसं करून दाखवणं ही बाकी कुणाच्या आवाक्यातली गोष्ट नाही. पुढे त्यांच्याच पुढाकारानं उभं राहिलेलं कात्रजचं सर्पोद्यान मात्र कुणालाही पाहता येतं.

माझी स्वतःची शिफारस साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठाराची. उन्हाळ्यात, पहिल्या पावसाच्या आधी. तिथल्या पंखगळ्या सरड्याचा नर दगडावर चढतो, पुढच्या पायांवर उंच होतो आणि गळ्याची घडी उलगडतो: गडद निळा, काळा, नारिंगी. दुर्बिणीतून पाहिलं तर पंखा उघडताना कातडी ताणली जाऊन रंग क्षणात चमकतो, आणि लगेच मिटतो. 2016 मध्ये त्याची शास्त्रीय प्रजाती वेगळी केली तेव्हा तिला ‘सरडा’ हेच नाव दिलं. पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, आणि तिथे मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या जमाखर्चाचं उत्तम उदाहरण आहे. पात्यांमुळे शिकारी पक्षी कमी फिरकतात. सरड्यांची घनता जवळपास तिपटीनं वाढलेली आहे. भीती कमी, त्यामुळे रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी, माणूस बराच जवळ येईस्तोवर ते पळत नाहीत. पण गर्दी झाली तसे वाट्याला येणारे किडेही कमी झाले. पवनचक्क्यांखालचे सरडे इतर ठिकाणच्या सरड्यांपेक्षा रोडावलेले आहेत, आणि नरांच्या गळ्याचा रंग फिका आहे.